ठासणीच्या बंदुकीची बोली

अंबळी संस्थानाच्या शस्त्रागारातल्या जुन्या बंदुका लिलावात निघाल्या. त्यातल्या चांदीची नक्षी असलेल्या एका ठासणीच्या बंदुकीवर निवृत्त सुभेदार रायाजीराव शेलारांचा जीव जडला. त्यांचा तापट स्वभाव ओळखून पत्नी सगुणाबाईंनी बजावलं, "दोनशेपर्यंत बोला, पुढे नाही." आणि त्या स्वतः शेजारी जाऊन बसल्या.

जहागीरदार भैयासाहेबांना बंदूक नकोच होती. सुभेदारांना चढवून गंमत बघायची, म्हणून ते बोली वाढवत होते. सुभेदार दोनशेवर पोहोचताच भैयासाहेबांनी सव्वादोनशे म्हटलं. सुभेदारांचा हात पुन्हा वर जाऊ लागला, तसा सगुणाबाईंनी तो हलकेच धरला.

भैयासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय सुभेदार, लढाईत मागे हटला नाहीत आणि इथे बायकोचा धाक? मर्दाला कसली आलीय मर्यादा?"

सुभेदारांचे कान तापले. सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "भैयासाहेब, बंदुकीच्या चापाभोवती लोखंडी कडं असतं. ते बंदूक दुबळी म्हणून बसवत नाहीत. भलत्याच कुणाचा धक्का लागून ती उडू नये, म्हणून बसवतात."

सगळे हसले, सुभेदार तर सर्वांत मोठ्याने. त्या हशातच हातोडा पडला आणि नको असलेली बंदूक भैयासाहेबांच्या गळ्यात पडली.

परतताना सगुणाबाईंनी विचारलं, "वाईट वाटलं का हो?"

"वाटलं थोडं," सुभेदार म्हणाले. "पण बंदूक मिळाली असती, तर भिंतीवर टांगून ठेवली असती. तुझं उत्तर मात्र मी गावभर मिरवणार आहे."