वडाखालचा चौक

सायकली बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. शहरातल्या तुटक सायकलवाटा जोडायचं काम घारीकडे आलं. उंचावर एक गिरकी मारून ती म्हणाली, “शाळेपासून नदीपर्यंत सायकलवाटेचा लाल पट्टा अखंड आहे. मध्ये फक्त एक वड लागतो.”

“घारताई, त्या वडाखाली ट्रकांचा चौक आहे. तिथेच पट्टा तुटतो,” जुनी सायकल म्हणाली. “एकदा खाली उतरून बघा ना.”

“मला वरून सगळं दिसतं!” घार फणकारली.

दुसऱ्या दिवशी एक नवीकोरी सायकल घारीच्या शब्दावर विसंबून, घंटी वाजवत वडाखाली शिरली. ब्रेकचा कर्कश आवाज झाला. पलीकडून ती बाहेर आलीच नाही.

घार अजून वरून सांगते, “सावली गार आहे. विसावली असेल.”