धुरपा बेलदारणीचा खोटा इशारा

फार फार वर्षांमागं, तांबवेढ्याच्या तटाला चारही वेशी शाबूत होत्या तेव्हा, गादीसाठी दोन चुलतभाऊ भांडले. एक गावाच्या आत बसला, दुसऱ्यानं बाहेरून वेढा घातला. भांडण त्या दोघांचं होतं. मरत होती ती दोन्हीकडची गरीब माणसं.

गावात धुरपा नावाची बेलदारीण होती. बेलदार म्हणजे दगड फोडणारे, विहिरी खणणारे लोक. जमिनीच्या पोटात काय हाललं ते धुरपाला तळपायांनी कळायचं, असं म्हणतात. वेढा पडला तशी तिनं तटाच्या कडेनं हलग्या पालथ्या मांडल्या आणि त्यांवर ज्वारीचे चार चार दाणे ठेवले. खालून कुणी सुरुंग खणू लागलं की कातडं थरथरायचं आणि दाणे नाचायचे.

पंचविसाव्या दिवशी भर दुपारी उत्तर वेशीजवळचे दाणे नाचले. धुरपानं भुईला कान लावला. टक्, टक्... टक्.

तिनं पुन्हा कान लावला.

बेलदार पहिला घाव घालण्याआधी दगडाला तीनदा ठोकून विचारतो, ‘आई, येऊ का?’ ज्याचा त्याचा हात वेगळा. हा तिसरा ठोका उशिरा येत होता. तिच्या धाकट्या भावाचा, हैबतीचा अंगठा लहानपणी पहारीखाली चेंगरला होता. त्याचा तिसरा ठोका असाच मागं राहायचा. बाहेरच्या फौजेनं त्याला वेठीला धरून खणायला लावलं होतं.

किल्लेदार धावत आला. “कुठं आहे सुरुंग? सांग पटकन. वरून भोक पाडतो आणि उकळतं तेल ओततो.”

“खाली माझा भाऊ हाय, सरकार. त्याला धरून टोळीचे चाळीस बेलदार हायती.”

“तट पडला तर आत तीन हजार माणसं आहेत. त्यांचं काय?”

“गादी तुमची, भांडाण तुमचं,” धुरपा म्हणाली. “आन् तेल आमच्या पोरांवर? तटाची सावली त्या समोरच्या खांबाला लागंस्तवर थांबा. त्यास्नी बाहेर काढते. मग काय ओतायचं ते ओता.”

बेलदारांचा आणखी एक रिवाज होता. छत खचायला लागलं की दोन ठोके झटपट आणि एक जोराचा. हा इशारा वैऱ्यानं दिला तरी हत्यार टाकून वर पळायचं. आणि तो खोटा कधी द्यायचा नाही. खोटा इशारा देणाऱ्याला धरणी परत वर येऊ देत नाही.

उत्तर वेशीच्या आत एक कोरडी विहीर होती. धुरपानं कमरेला दोर बांधला, हातोडी घेतली.

सासूनं तिचं मनगट धरलं. “अगं, छत तर धड हाय. खोटं वाजवलंस तर वर येशील का?”

“तुमी दोर धरा, आत्याबाई. आन् रडू नगा, हात निसटंल.”

ती खाली उतरली. थोड्या वेळानं अख्ख्या गावाच्या पायाखाली आवाज घुमला. टक्टक्. ठाक्!

सुरुंगातले चाळीसही जण उन्हात पळत आले. बाहेरच्या फौजेचा सरदार आत मशाल घेऊन गेला, छत बघून परत आला आणि हसला. “एवढं मजबूत छत! उंदराला भ्यालात काय रे? चला आत!”

“न्हाई जाणार,” हैबती म्हणाला. “त्यो माझ्या अक्काचा हात हाय. अक्का खोटं वाजवत न्हाई.”

त्याचं बोलणं संपायच्या आत मागं जमीन बसली. सगळा सुरुंग तोंडापर्यंत मिटला. धुरपाचा खोटा इशारा धरणीनं खरा केला, असं म्हणतात.

इकडं आत्याबाईनं दोर ओढला. तो हलकाच वर आला. कमरेची गाठ तशीच होती, सुटलेली नाही, तुटलेली नाही. आत मात्र कुणी नव्हतं. विहिरीत माणसं उतरली, तर तळाला अखंड काळा खडक. हातोडीसुद्धा सापडली नाही.

त्यानंतर बाहेरच्या फौजेनं जिथं जिथं कुदळ लावली, तिथं तिथं खालून तेच ठोके आले. टक्टक्. ठाक्! चाबूक खाल्ले, पण एकाही बेलदारानं घाव घातला नाही. त्या दुपारपासून नवव्या दिवशी वेढा उठला. दोघा चुलतभावांनी समेट केला आणि एका ताटात जेवले. धुरपाचं नाव कुणी काढलं नाही. तिच्या नावाचा साधा दगडही कुणी बसवला नाही.

गावानं मात्र तिला सोडलं नाही. आजही तांबवेढ्यात विहीर असो, घराचा पाया असो, नळाचा चर असो, आधी मशीन बंद करावं लागतं. ठेकेदार कुरकुरतो. गावातली एखादी म्हातारी पुढं होते, हातोडीनं तीनदा ठोकते, तिसरा ठोका मुद्दाम उशिरा, आणि विचारते, “धुरपाअक्का, येऊ का?”

मग सगळे गप्प उभे राहतात. खालून काही आलं नाही तरच खोदतात.

उत्तर वेशीजवळ पाण्याच्या टाकीसाठी घेतलेला एक खड्डा आहे. कमरेइतका खोल, अर्धवट. तो कुणी पुढं खणत नाही आणि बुजवतही नाही.