धाकू गुरवाचं अर्धं गाऱ्हाणं

फार फार वर्षांमागे, आमच्या खाडीवर अजून लाकडी साकव होता नि माणसं दिल्या शब्दाला जागायची, तेव्हाची ही गोष्ट. गादीसाठी दोघा राजभावांत जुंपली होती. थोरला रायाजीराजा गादीवर, धाकटा डोंगरात. भांडण त्यांचं, जळत होती आमची घरं. एकाच वाडीतली पोरं दोन्हीकडून भाले घेऊन उभी. रवळनाथाच्या देवळातल्या धाकू गुरवाचा एकुलता मुलगा येसो रायाजीनं फौजेत ओढून नेलेला, नि बहिणीचा मुलगा धाकट्याकडे.

एके सकाळी रायाजी फौजेसकट देवळात आला. धाकट्याच्या माणसांचा नायनाट होऊ दे, असं गाऱ्हाणं घाल, असं धाकूला म्हणाला. आता गाऱ्हाणं म्हणजे गुरवानं देवाकडे मागायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. होकाराशिवाय मागणं देवाला पोचत नाही, ही आमची जुनी रीत.

धाकूनं नारळ हातात घेतला. समोरच रांगेत येसो. राजाचं ऐकावं तर भाच्याचं मरण मागायचं, न ऐकावं तर येसोची धडगत नाही. असं म्हणतात, त्यानं डोळे मिटले आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा, भावाक भावाच्या अंगावर घालणारो, तुझ्या लेकरांची शेतां जाळणारो जो कोण असात, तो राजा असलो तरी तेच्या हातातला राज्य काढून घे."

राजासमोर होकार देणार कोण? तेवढ्यात रांगेतून एकच आवाज आला, "व्हय म्हाराजा." येसोचा होता तो. त्याच्यामागून सगळी फौज बोलली. असं म्हणतात, कुणी हात न लावता घंटा वाजू लागली, आणि पलीकडच्या डोंगरातूनही होकार आला.

धाकूनं डोळे उघडून येसोकडे पाहिलं. "आणि माझ्या येसोक, देवा..." तो म्हणाला, नि रायाजीचा भाला त्याच्या छातीत शिरला. मागणं तिथंच राहिलं.

फौजेनं हत्यारं पायरीवर ठेवली. येसोनं बापाला खांद्यावर घेतलं. रायाजी एकटाच साकवावरून गेला आणि परत कधी कुणाला दिसला नाही, असं म्हणतात.

धाकूसारखा गळा आता कुठला ऐकायला मिळायचा! पण अजून जत्रेत गाऱ्हाणं संपताना आमचा गुरव म्हणतो, "आणि माझ्या येसोक, देवा..." आणि थांबतो. धाकूला पुढे काय मागायचं होतं, कुणाला ठाऊक नाही. ज्याचं पोर दूर असेल, तो मनातल्या मनात त्याचं नाव घेतो. मग सगळा गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा."