निवटीवाली बामी

खाडीला अजून धक्का बांधला नव्हता आणि तिवरवाडीत दिवे जळायचे ते माशाच्या तेलावर, तेव्हाची ही गोष्ट. वाडीत बामी नावाची सून आली. पोर डोंगराकडची. खारं पाणी तिनं लग्नाच्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलं, असं म्हणतात.

ओहोटी लागली की वाडीतल्या बायका टोपल्या घेऊन खाडीतल्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचायला जायच्या. बामीही जायची, पण तिची टोपली काही भरायची नाही. ती आपली उकिडवी बसून निवट्या बघायची. निवटी म्हणजे वीतभराहून लहान मासा, पण पाण्यातच राहीन असा तिचा हट्ट नाही. डोळे पार टाळूवर, पुढच्या परांचे हात केलेले. गालात घोटभर पाणी धरायचं, अंगाची कातडी ओली ठेवायची आणि चिखलावर खुशाल हिंडायचं! बामीला याचं भारी नवल. सासू चांगूबाय चारचौघींत म्हणायची, "आमची सून निवट्या राखते, गो!" बायका पोट धरधरून हसायच्या. बामीला रडू यायचं, पण नजर काही निवट्यांवरून हलायची नाही.

एकदा थंडीत, सकाळच्या ओहोटीला, बायका पार आत गेल्या असताना धुकं उतरलं. चार पावलांपलीकडचं काही दिसेना. तेवढ्यात भरती लागली आणि पाणी घोट्याला आलं. वाट कळावी म्हणून वाडीतून देवळाची घंटा वाजत होती, पण त्या धुक्यात ती चारी बाजूंनी ऐकू येई. कुणी इकडे धावली, कुणी तिकडे. चांगूबाय तर नेमकी समुद्राच्या वाटेला लागली. बामीनं धावत जाऊन तिचा हात धरला.

"आये, तिकरं नको. निवट्यांचे मागं चल."

"येडी झालीस का? मासं कदी वाट दाखवतान?"

"पानी वाढलं का त्या वाडीचे काठाला तिवराचे झाडांकरं पलतान, मुळांवर चढून बसतान. रोज बघतंय मी."

चांगूबायनं पाण्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग भरलेली टोपली टाकून तिनंच हाळी दिली, "आगो पोरींनो, माझे सुनेचे मागं या!"

एकवीस बायका एकमेकींचे पदर धरून निघाल्या. सगळ्यांत पुढे बामी, कमरेत वाकलेली. असं म्हणतात, त्या दिवशी खाडीतली एकूण एक निवटी वर आली आणि सगळा चिखलच उड्या मारत वाडीकडे चालू लागला. पाणी गुडघ्याला लागलं, तशा निवट्या पाण्यावरून टणाटण उडत पुढे गेल्या. आणि बामीच्या तळव्याला काहीतरी टोचलं. तिवराची मुळं! श्वास घ्यायला चिखलातून वर आलेली, बोटांएवढी मुळं. बामी अशी ओरडली की देवळातली घंटा थांबली. एकवीसच्या एकवीस जणी किनाऱ्याला लागल्या. चांगूबायनं सगळ्यांदेखत सुनेचे चिखलाचे पाय आपल्या पदरानं पुसले.

आजही तिवरवाडीत तिवराच्या झाडाला कुणी कोयता लावत नाही. आणि नवी सून आली की सासू तिला ओहोटीला चिखलात नेते, हातात टोपली देते आणि सांगते, "बामीचे नावानं आज काय येचू नको. नुसती बघ." भरती लागेपर्यंत सून निवट्या बघत बसते. मग ती रिकामी टोपली घेऊन घरी येते, आणि सासू तिला दारात ओवाळून आत घेते.