आधी ओसरीवर

कॉम्प्युटरला पाहुणचाराची भारी हौस होती, त्या काळची ही गोष्ट. एका गावच्या वाचनालयात असाच एक कॉम्प्युटर होता. कुणीही पेनड्राइव्ह लावला की तो त्याला थेट माजघरात नेई आणि पाहुणा सांगेल ते निमूटपणे करी. प्रिंटरने हटकलं तर म्हणे, "पाहुण्याची का कुणी झडती घेतं?"

एकदा झेरॉक्सच्या दुकानातून एक लाल पेनड्राइव्ह आला. त्याच्याजवळ लग्नाचे फोटो होते, आणि फोटोंच्या आड एक व्हायरस दडून बसला होता. बघता बघता गावाने कॉम्प्युटरकडे ठेवलेल्या सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या. भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं गेली, वाचनालयात रोज येणाऱ्या गोदूताईंनी एका बोटाने टाइप केलेल्या आठवणीही गेल्या.

"मला ठाऊकच नव्हतं रे, दादा," पेनड्राइव्ह रडकुंडीला आला.

"चूक माझी," कॉम्प्युटर म्हणाला. "दार मी उघडलं, आणि घर माझ्या एकट्याचं नव्हतं."

कपाटातल्या जुन्या डिस्कवरून बरंचसं परत मिळालं. गोदूताईंना शेवटचं प्रकरण तेवढं पुन्हा लिहावं लागलं. कॉम्प्युटरने मात्र दाराशी ओसरी काढली. पाहुण्याने तिथे बसायचं, तपासून घ्यायचं. सामान आत येईल, हुकूम येणार नाही.

काही महिन्यांनी लाल पेनड्राइव्ह पुन्हा आला. जुनी ओळख म्हणून कॉम्प्युटर दार उघडायला निघाला.

"थांब दादा," पेनड्राइव्ह म्हणाला, "आत गोदूताई लिहितायत ना? मी आधी ओसरीवर बसतो."