धुराड्यावरचे मडके

एकदा एका थंड डोंगरगावच्या व्यापाऱ्याची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली. तिच्या खोलीत ऊब राहावी म्हणून त्याने तिथे चूल आणि धुराडे बसवायचे ठरवले आणि जवळच्या आश्रमातल्या वृद्ध आचार्यांचा सल्ला मागितला. आचार्यांनी आपल्या शिष्याला पाठवले. शिष्य कामाचा होता. त्याने धुराडे लाकडी वाशांपासून पुरेसे दूर ठेवले, सांधे लिंपले, वरचे तोंड आढ्यापेक्षा उंच नेले आणि खोलीत हवा येण्यासाठी भिंतीत झरोका ठेवला. चूल पेटली, धूर सरळ वर गेला. इथवर सगळे उत्तम. पण नीट झालेले काम नीट राहू देणे माणसाला जमत नाही, हीच तर पंचाईत आहे.

एवढे उंच धुराडे गावात कुणाचेच नव्हते. येणारा-जाणारा मान वर करून पाहू लागला, तशी व्यापाऱ्याच्या बायकोला, शेठाणीला, धास्ती बसली की आता घराला दृष्ट लागणार. तिने एक काळे मडके आणवले, त्यावर चुन्याने डोळे-मिशा काढल्या आणि ते धुराड्याच्या तोंडावर पालथे घालायला लावले. शिष्य तेव्हा अंगणातच उभा होता. त्याने पाहिले आणि तो गप्प राहिला.

धूर खोलीत परतू लागला. मडके काढावे असे कुणाच्या मनात आले असेल? छे! दृष्ट लागलीच असे ठरले आणि मडक्याला लिंबू-मिरच्या बांधल्या गेल्या. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून लाकडांऐवजी कोळसे जाळू लागले. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून झरोक्यात चिंध्या कोंबल्या. धूर दिसेनासा झाला. लेकीचे डोके मात्र सारखे ठणकू लागले आणि बाळ दिवसभर झोपून राहू लागले. "किती गुणी लेकरू! रडणं म्हणून ठाऊक नाही," शेठाणी कौतुकाने सांगत सुटली.

बारशाला आचार्य शिष्यासह आले. खोलीच्या दारात पाऊल ठेवताच निखारे, बुजलेला झरोका आणि निपचित बाळ पाहून ते ओरडले, "पोरीला आणि बाळाला आधी ओसरीवर न्या!"

"अहो, वारा लागेल ना तिला!" शेठाणी म्हणाली.

"लागू द्या! वाराच हवाय तिला. न्या म्हणतो ना!"

लेक बाळाला घेऊन ओसरीवर आली. बाळाचा श्वास चालू होता, पण ते डोळे उघडत नव्हते. आचार्यांनी तिला त्याचे तळवे चोळत राहायला सांगितले आणि ते व्यापाऱ्याला म्हणाले, "ते मडके ताबडतोब उतरवा."

"ते नको, महाराज," व्यापारी हात जोडून म्हणाला. "घराला दृष्ट लागलीय. मडकं काढलं तर होतं नव्हतं ते जाईल."

वाद घालून उपयोग नव्हता. मडके तसेच राहिले तर संध्याकाळी बाळ पुन्हा त्याच खोलीत जाणार, हे आचार्यांना दिसत होते. त्यांनी दात-ओठ खाल्ले आणि ते म्हणाले, "मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या आणा. दृष्ट मीच काढतो."

शिष्य चकित झाला. असल्या गोष्टींना आचार्यांनी आयुष्यभर थारा दिला नव्हता. त्यांनी मात्र लेक आणि बाळ सोडून बाकी सगळ्यांना खोलीत बोलावले आणि मूठभर मिरच्या निखाऱ्यांवर टाकल्या. असा काही ठसका लागला की सगळे डोळे पुसत अंगणात पळाले. आचार्यही पळाले.

"दृष्ट लागली असली की मिरच्यांचा ठसका लागत नाही, असं तुम्हीच म्हणता ना?" त्यांनी खोकत विचारले.

"हो," व्यापारी म्हणाला.

"मग लागला का ठसका?"

"लागला, महाराज."

"म्हणजे दृष्ट नाही! आता चढा वर!"

मडके उतरले, झरोक्यातल्या चिंध्या निघाल्या, धुराडे पुन्हा ओढू लागले. खात्री करावी म्हणून शेठाणीने उरलेल्या मिरच्या चुलीत टाकल्या. सगळा धूर वर गेला, कुणी साधे खाकरलेही नाही. ती धावत बाहेर आली. "बघा, आता ठसका नाही! म्हणजे दृष्ट होतीच!"

आचार्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग ते शिष्याकडे वळले.

"यांचं सोड, यांना कळतच नव्हतं. तुला कळत होतं ना?"

"होय, आचार्य. पण त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न होता. त्यांना वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटलं असतं! चार दिवस रुसले असते आणि मग बोलू लागले असते. अरे, धूर निदान झोंबतो, माणसाला घराबाहेर काढतो. कोंडलेल्या निखाऱ्यांचं विष दिसत नाही, त्याला वासही येत नाही. ते माणसाला झोपवतं आणि उठू देत नाही. ते बाळ गुणी नव्हतं रे, ते मरत होतं! आणि तू इथे सभ्यपणा सांभाळत होतास. धुराडं कसं बसवावं ते तुला शिकवलं. वेळेला कडू बोलावं कसं, ते शिकवायचं माझंच राहून गेलं."

शिष्याची मान खाली गेली. ओसरीवर सगळ्यांचे डोळे बाळाकडे लागले होते. बऱ्याच वेळाने त्याने मूठ हलवली, ओठ वेडेवाकडे केले आणि टाहो फोडला. लेकीच्या डोळ्यांना धार लागली. शेठाणी लगबगीने पुढे झाली आणि बाळाला उचलून, "उगी, उगी," करत पुन्हा उबेला खोलीकडे निघाली.

शिष्य दारात आडवा उभा राहिला.

"आत न्यायचं नाही," तो म्हणाला. "रागवा हवं तर. पण इथे मोकळ्या हवेतच रडू द्या त्याला."