बांधातली माती

फार मागची गोष्ट. एका रानात एकच तळं होतं. पाणी प्यायला येणाऱ्याने बांधासाठी मातीचा एक गोळा आणायचा, अशी तिथली रीत होती. एका उन्हाळ्यात राखणदार कासव म्हणालं, "खेकड्यांनी बांध पोखरलाय. आता दोन-दोन गोळे आणा."

तरस भडकलं. "इतकी वर्षं दिलेली माती गेली कुठे? तूच लाटलीस!"

"बांधातच आहे, बाबा."

"मग दाखव!"

सगळेच ओरडू लागले. कासव आडवं आलं, तर तरसाने त्याला उताणं पाडलं आणि बांध उकरायला घेतला. आत माती होती, थरावर थर. रानडुकराने तर आपला तांबडा गोळाही ओळखला.

"खरंच की," तरस ओशाळून म्हणालं.

तोवर पाणी त्याच्या पायांमधून रानात वाहू लागलं होतं.